बोहारणीचं टोपलं

उस्मानपुऱ्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मी उभं केलं, कुणी दिलेलं नाही. त्यामुळं एक मुलगी पायरी चढून आली आणि "मावशी, तुमच्या आईचा सन्मान करायचाय" म्हणाली, तेव्हा मी आधी पंखा बंद केला. उकडायला लागलं की फुकट बोलणारी माणसं लवकर उठतात.

ती उठली नाही. शहरातल्या कर्तबगार स्त्रियांचं संग्रहालय होतंय, म्हणाली. त्यात एक दालन रस्त्यावर धंदा केलेल्या बायकांचं. माझी आई बोहारीण होती हे तिला फुलंब्रीच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं.

"आईंचं टोपलं द्याल? खाली त्यांचं पूर्ण नाव आणि माहिती लिहू."

"आधी जागा बघते," मी म्हटलं.

आई जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडी द्यायची. डोक्यावर टोपलं, पाठीला गाठोडं, मागं मी. साडी हातात आली की आधी ती उन्हाकडं धरायची. विरलेली जागा लगेच दिसते. सौदा अडला की टोपलं उचलून चालू लागायची आणि दबक्या आवाजात मला सांगायची, "माघारी बघू नको." फाटकापर्यंत जायच्या आत हाक यायचीच. "ए बोहारणी, ये, घेऊन जा!" तिला सगळं शहर 'बोहारीण' एवढंच म्हणायचं.

एका बंगल्यातल्या बाईंनी मुलींची शाळा काढली होती. मुलींना शिकवा म्हणून त्या सभांमधून बोलायच्या. दर दिवाळीआधी आम्ही त्यांच्या पायरीवर बसायचो. मी शाळेत जाते का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आईचं नाव विचारणं तर दूरच. एकदा त्यांनी साडीच्या घडीत दडवलेला फाटका पदर आईनं उलगडून दाखवला, तर म्हणाल्या, "तुम्हा लोकांची नजरच खोटी." ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

जागा बघायला गेले. क्रांती चौकाच्या पुढं संग्रहालयाची इमारत. रंगाचा वास येत होता. पहिल्याच भिंतीवर त्या शाळेच्या बाई, दाराएवढा फोटो. माझं डोकंच फिरलं.

"म्हंजे हिच्या पायाशी शोभेला टोपलं पायजे व्हय तुम्हाला?"

"नाही हो मावशी, तुमच्या आईंचं दालन आत आहे. वेगळं."

"आत कशाला? याच भिंतीवर लावा. आन् फोटो बी एवढाच."

"आईंचा फोटो आहे का?"

नव्हता. कोण काढणार होतं? मी आणखी तापले. एवढ्या गोड बोलण्यामागं काहीतरी असणारच, असं मनानं घेतलं होतं. "मग टोपलं नाय मिळायचं," म्हणून मी वळले. माघारी बघितलं नाही. फाटकापर्यंत मुद्दाम हळू चालले. चौकात रिक्षावाले हाका मारत होते. मला हवी होती ती हाक आली नाही.

शेजारी गाद्यांचं दुकान असलेले चाचा म्हणाले, "आपा, लडकी इज्जत देने को आई थी, तुम उसका भी भाव किये?"

"चाचा, पयला भाव कवा खरा असतो का?"

"तुम्हारी दुकान में तो कब्बी नहीं रहता," ते म्हणाले आणि कापूस पिंजत बसले.

दोन आठवडे मी वाट बघितली. मग चाचाच बातमी घेऊन आले, की तिथं टोपलं लागलंय.

मी बघायला गेले. काचेत कोरं पिवळं टोपलं, कुणाच्या डोक्यावर एक गल्लीसुद्धा न गेलेलं. त्यात चकचकीत भगुनी. खाली लिहिलं होतं, 'बोहारीण'. बस, तेवढंच.

"तुम्ही नाही म्हणालात, म्हणून बाजारातून आणलं," मुलगी म्हणाली. "परवा उद्घाटन आहे."

पूर्ण नाव तिनं पहिल्याच दिवशी देऊ केलं होतं. वरती मागायला काही उरलंच नव्हतं, आणि मी ते हातानं घालवलं होतं.

आई सौदा मोडून माघारी कधी गेली नाही. मी गेले. रिक्षात आईचं टोपलं मांडीवर घेऊन गेले आणि तिच्या टेबलावर ठेवलं. "फोटो नको, भिंत नको. नाव तेवढं लिहा."

तिनं काच उघडली आणि कोरं टोपलं काढून आईचं ठेवलं. मग लिहायला बसली. 'गरिबीशी झुंजत' असं लिहिलेलं दिसलं.

"ते खोडा."

"मग काय लिहू?"

"कापड हिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, लिहा. पोरीला धंदा शिकवला, लिहा. झुंजली-बिंजली नाय. व्यापार केला."

तिनं हसून लिहिलं. आईचं नाव, वडिलांचं, आडनाव. मी तीनदा वाचून बघितलं.

"जा आता मावशी, हे नाव कुणी काढत नाही."

"असं समदेच म्हणत्यात."

अजूनही महिन्यातून एकदा मी तिकीट काढून जाते. मागच्या वेळी एका शाळेच्या मुली रांगेनं आल्या होत्या. एकीनं काचेला नाक लावून आईचं नाव मोठ्यानं वाचलं. मी मागं उभी राहून अक्षर अन् अक्षर तपासलं. तिनं एकही गाळलं नाही.