यायचं दार

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं होतं. माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन उमरखेडला आले आणि तेव्हापासून इथंच लोकांच्या घरांचे नकाशे काढते आहे. लोक येतात, मोबाइलवर कुठल्या तरी बंगल्याचा फोटो दाखवतात, "मॅडम, सेम टू सेम असंच पाह्यजे," म्हणतात, आणि प्लॉट असतो ट्रॅक्टरची ट्रॉली वळणार नाही एवढा. मी चिडते. माझ्या चिडण्याला आता कोणी भीक घालत नाही.

विमलताईंनी फोटो आणला नव्हता. ढाणकीहून एसटीनं आल्या होत्या, सोबत मुलगा अक्षय. तो इथल्या एका पतसंस्थेत नोकरीला. सून अपेक्षा शाळेत शिकवते, नात बालवाडीत. ढाणकीचं शेत विमलताई स्वतः करायच्या, सोयाबीन आणि तूर. अडत्याशी असा भाव करायच्या की तो बिचारा शेवटी हात जोडायचा. आता मुलगा म्हणत होता, आई, उमरखेडला प्लॉट पडून आहे, घर बांधू, तूही इकडेच ये.

मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. "घरात माणसं किती?"

"चार," अक्षय म्हणाला.

"पाच," विमलताई म्हणाल्या.

अक्षय खिडकीबाहेर बघायला लागला. मग विमलताईंनीच सांगितलं. त्यांचे यजमान भगवानराव एका सकाळी ढाणकीहून उमरखेडला मोटारीचा पट्टा आणायला गेले. स्टँडवर उतरले, ओळखीच्या हॉटेलात चहा प्याले, तिथपर्यंत माग लागला. पुढे काही नाही. पोलिसांत तक्रार झाली, फोटो छापले, माहूरपासून नांदेडपर्यंत शोधून झालं. आठ वर्षं होत आली होती.

"सवयच हाये यायले," त्या म्हणाल्या, आणि तेही कौतुकानं. "न सांगता जाचे. कोठी बैल पाहाले, कोठी यात्रेले. दोनतीन दिसानं याचे. दुपारी, गोठ्याकडल्या दारानं. गुपचूप पाय धुवाचे अन् बाजीवर पडून राहाचे. मी मागं गेलो का दिसाचे."

मी पहिला नकाशा काढून दाखवला. त्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "यात यायचं दार कोठी हाये?"

मी पुढचं दार दाखवलं. "हे काय. फाटकातून आलं की समोर."

"हे नाई. यायचं."

"अहो ताई, इथूनच यायचं."

"तं मी काय म्हनून राह्यलो? यायचं!"

मी चिडायच्या बेतात होते, तेवढ्यात अक्षय हळूच म्हणाला, "मॅडम, यायचं म्हणजे ह्यांचं. बाबांचं." इतकी वर्षं इथं राहून मला वऱ्हाडी येते असा माझा समज होता. तो त्या दिवशी खोटा ठरला.

त्यांना बाजूच्या बोळाकडून एक वेगळं दार हवं होतं. दारातून आत आलं की लगेच न्हाणी, न्हाणीला लागून एक लहान खोली, खोलीत बाज. मी म्हटलं, पुढच्या दारानं आले तर काय बिघडेल? विमलताईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "एवढ्या वर्षानं येनारा मानूस पुढच्या दारानं येते काय, मॅडम? लाज वाटन ना त्याले."

मी दार काढून दिलं. मनात म्हटलं, आपल्याला काय, स्टोअररूमला उपयोगी पडेल.

नकाशा कागदावर कळत नाही, हे बहुतेकांचं खरं असतं. म्हणून मी पाया खणायच्या आधी प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं खोल्या आखते आणि घरच्यांना त्यातून चालून बघायला सांगते. अपेक्षा स्वयंपाकघरात उभी राहून हात लांब करून बघत होती. नात भिंतींवरून उड्या मारत होती. विमलताई बोळाच्या कोपऱ्यात गेल्या, क्षणभर थांबल्या आणि चालायला लागल्या. पण ती चाल त्यांची नव्हती. उजवा पाय टेकायचा, डावा मागून घसटत यायचा. खांदे पुढे झुकलेले. दाराच्या जागी त्यांनी हात वर करून कडी काढल्यासारखं केलं, न्हाणीत वाकल्या, खोलीत जाऊन मातीवर बसल्या. "बस होते," म्हणाल्या, आपल्या आवाजात.

"बाबांच्या पायावर बैल पडला होता," अक्षय म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. फक्कीवर घसटलेल्या पावलाचा पट्टा उमटला होता. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी सगळ्यांना मोठ्यानं सांगत असते. त्या दिवशी मी काही बोलले नाही.

पुढची पायरी मंजुरीची, आणि तिथं गाडं अडलं. प्लॉट नवराबायको दोघांच्या नावानं होता. अर्जावर दोघांच्या सह्या हव्यात. एक मालक बेपत्ता म्हटल्यावर वकिलांनी सांगितलं, सात वर्षांवर ठावठिकाणा नाही, तर कोर्टाकडून मृत्यू जाहीर करून घ्या. मुलाचं नाव लागेल, मंजुरी मिळेल.

म्हणजे ज्याच्यासाठी दार ठेवायचं, तो मेला असं आधी लिहून द्यायचं. विमलताई उठल्या आणि एक शब्द न बोलता ढाणकीला निघून गेल्या. फोन उचलेनात. अक्षयनं हात टेकले. मीही नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

तूर निघाल्यावर त्या परत आल्या, एकट्याच, आणि चेहरा कसा खुललेला. आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, वकिलाले फोन लावा. मी सांगतो कोर्टात."

"काय सांगता?"

"हे मेले म्हनून."

त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, माझ्याकडे झुकल्या. "आमच्याइकडे एका मानसाची मेल्याची खोटीच बातमी उठली. रडारड झाली, अन् तो गडी मोटरसायकलवर घरी! सारे म्हने, आता तुहं आयुष्य वाढलं. मंग माह्या डोक्यात उजेड पडला. खोटी मौत सांगतली का मानसाचं आयुष्य वाढते. अन् कोर्टात सांगतली, सही-शिक्क्यानं सांगतली, तं किती वाढन!"

ही समजूत माझ्या माहेरीही आहे. कोणाच्या मरणाची चुकीची बातमी आली की आजी म्हणायची, आयुष्य वाढलं हो त्याचं. पण ती अशी हत्यारासारखी वापरता येते, हे आजीच्याही ध्यानात आलं नसतं. मला हसू आलं, आणि मी वकिलांना फोन लावला.

कोर्टात त्यांनी मला सोबत नेलं. पोलिसांचे कागद झाले, अक्षयची साक्ष झाली. मग विमलताई उभ्या राहिल्या आणि त्यांना पतीचं नाव विचारलं. त्या गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणून जन्मात कधी घेतलं नव्हतं, घेतलं असेल तर उखाण्यातच. वकील दात ओठ खात म्हणाले, "ताई, नाव सांगा ना." विमलताईंनी डोळे मिटले आणि जिभेला नावाची जी एकच वाट ठाऊक होती तिच्यावरून ते बाहेर आलं.

"वेचला कापूस, भरला झोळीत, भगवानरावाचं नाव घेतो सयांच्या टोळीत."

मागं कोणी तरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ते हयात आहेत का?"

"नाई," विमलताई म्हणाल्या. "मेले."

बाहेर लिंबाखाली बसून त्या घोटभर पाणी प्याल्या. "नाव घेतलं तं थोडं घटलं असन," त्या म्हणाल्या, "पन बातमीनं भरून निघन. नाई का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हुकूम झाला, मंजुरी आली, काम सुरू झालं. विमलताई रोज हजर. खडीचा ढीग बघून माल कमी वाटला की ट्रॉलीवाल्याची खरडपट्टी काढायच्या, स्लॅबच्या दिवशी त्यांनी मजुरांना स्वतः भजी तळून खाऊ घातली. संजय मिस्त्री आणि त्याची माणसंसुद्धा आता "यायच्या दाराची चौकट" असंच म्हणायची. नातेवाइकांनी तेराव्याचं विचारलं तेव्हा त्यांनी झटकून टाकलं, "कागदावर मेले. माह्या घरी नाई." कुंकू होतं तेवढंच ठसठशीत. दिवाळीनंतर चौघं राहायला गेली. बाजूच्या खोलीत नवीन बाज, धुतलेली चादर.

मी दुसऱ्या कामांना लागले. उन्हाळ्याच्या तोंडाशी विमलताईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मॅडम, दार पाहाले या."

दुपारी गेले. मुलगा कामावर, सून शाळेत, नात शेजारी. विमलताई अर्ध्या झाल्या होत्या. मी दाराकडे निघाले तर त्यांनी मला धरून खाली बसवलं. "थांबा. आताच होते."

आम्ही बसून राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग आत, बाजूच्या दाराची कडी वाजली. दार कुरकुरलं. फरशीवर काही तरी घसटलं, थांबलं, पुन्हा घसटलं. न्हाणीतला नळ खरखरला आणि पाणी पडायला लागलं.

मी धावत गेले. कोणी नव्हतं. दार किलकिलं, नळ ठिबकत होता, चादरीला सुरकुती नाही. पण धंद्याची सवय जात नाही, मी वाकून बघायला लागले. कडी ज्या पट्टीत बसते ती पट्टी खाली बसली होती, बोळातून वारा आला की कडी सुटत होती. नळाचं म्हणजे दुपारी टाकीत पाणी चढतं तेव्हा पाइपातली हवा बाहेर पडते, चावी ढिली होती. घसटण्याचा आवाज कशाचा, ते मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

मी त्यांना सगळं समजावलं. कामातली चूक आहे, माझं लक्ष राहिलं, स्क्रू ड्रायव्हर गाडीत आहे, आत्ता करून देते. त्या ऐकत होत्या की नव्हत्या, कोण जाणे.

"जित्ता मानूस आला असता तं आवाज देल्ला असता," त्या म्हणाल्या. "पानी मांगलं असतं. मी रोज जाऊन पाह्यतो. बाजीवर कोनी नसते. हे रोज येऊन राह्यले अन् दिसून नाई राह्यले. याचा अर्थ काय, मॅडम?"

मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

"मी कोर्टात बोललो तवाच गेले का हे? का त्याच्या आदीच गेलते? माह्या बोलन्यानं तं नाई ना गेले?"

मला रडू आलं. त्या बाईनं नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून त्याला मेला म्हटलं होतं, आणि आता तो शब्द तिच्याच घरात पाय घसटत फिरत होता. मी म्हटलं, "ताई, तुमच्या बोलण्यानं कोणी मरत नाही. ती नुसती कडी आहे हो. कडी आणि नळ."

"मंग नीट केलं तं हे बंद होईन?"

"एकदम बंद."

त्यांनी फरशीवरून हात फिरवला. मग बोलल्या तेव्हा आवाज जुना होता, अडत्याशी बोलायचा.

"जित्ते असतीन तं कोठी असतीन? कोन जेवाले देत असन? बिमार पडले तं कोन पाहात असन? पोळी तोडली का हेच डोक्यात. इतक्या वर्षात मी एक घास धड नाई खाल्ला. अन् मेले असतीन तं इथी हायेत. माह्या घरी. माह्या न्हानीत पाय धून राह्यले." त्यांनी माझा हात धरला. "मले मेलेलेच चालतीन, मॅडम. काही नीट करू नका."

मी मान हलवली. त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे पाठ करून बसल्या, पदर बाजूला सारला आणि मानेवरचे केस वर धरले. "हे हूक तेवढं काढून द्या. मले मागचं दिसत नाई."

काळे मणी मानेला चिकटले होते. सवाष्णीनं दुसरीचं मंगळसूत्र काढू नये, माझ्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला आठवडाभर देवघरात पाऊल ठेवू दिलं नसतं. हूक घट्ट होतं, त्यात मांस चिमटलं जाईल असं वाटून मी थांबले.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाई," विमलताई म्हणाल्या. "काढा."