सडकेपलीकडचा प्लॉट

वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात कलाभवनासाठी जागा ठरवायची होती. बायकांचं भजनी मंडळ मंदिराच्या ओट्यावर बसतं, नाटकवाले शाळेचा वर्ग मागून घेतात; हक्काचं छप्पर कुणालाच नाही. गावातल्या कापड दुकानाच्या शेठजींनी हायवेलगतचा सहा गुंठ्यांचा प्लॉट बक्षीसपत्रानं द्यायचं कबूल केलं. जागा तपासायचं काम समितीनं माझ्यावर टाकलं. मी तीनदा जाऊन आलो. लांबी, रुंदी, विजेचा खांब, बोअरचं पाणी, सगळं कागदावर उतरवलं आणि जागा योग्य असल्याचं लिहून दिलं.

नोंदणी सोमवारी होती. शुक्रवारी माझ्या थोरल्या वहिनींनी गाठलं. भजनी मंडळ त्याच चालवतात.

"भाऊजी, जागा बघायला कशावर गेल्ते?"

"मोटारसायकलवर."

"दिवसाच ना?"

"हो."

"मंग आज सांजच्याला आमच्यासंगं पायी चला."

स्वयंपाक उरकून नऊ जणी निघाल्या. मंदिरापासून सडकेपर्यंत सहा मिनिटं लागली. पुढे सडक ओलांडायलाच चौदा. ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, लग्झरी बस. खंड म्हणून नाही. सगळ्यांत वयस्कर बाई मधल्या दुभाजकावरच टेकल्या. "इथंच म्हणू की भजन! दोन्हीकडून बराबर मधोमध पडतंय."

बायका हसल्या. मला काही हसता आलं नाही. समितीत आम्ही सात पुरुष, सातही जण गाडीवर जाऊन आलेलो. बायका रोज पायी येणार, त्याही अंधार पडताना, हे एकालाही सुचलं नव्हतं. मोजणारा तर मीच होतो. जागा तीच राहिली तर महिन्याभरात मंडळ मोडणार. नाकारली तर शेठजींचा चारचौघांत अपमान, आणि मग दुसरी जागा कोण देणार?

शनिवारी दुकानात गेलो. आडपडदा न ठेवता सांगितलं, "शेठजी, चूक माझी आहे. तुमची जागा चांगली, पण आमच्या बायकांना तिथं येता येणार नाही." मिनिटांचा हिशेबही सांगितला.

शेठजींनी गादीवरची सुरकुती सरळ केली. मग हळूच म्हणाले, "मंदिरामागं आमचं कापसाचं बंद जिनिंग आहे. ते चालंल का?"

"पळेल! मग आधी का नाही बोललात?"

"कसं बोलणार? ते पडीक. गाव म्हणलं असतं, शेठनं नको ते गळ्यात मारलं. हायवेचा प्लॉट धाकट्या पोराच्या दुकानासाठी ठेवला होता. शब्द देऊन बसलो अन् घरात तीन आठवडे कुणी धड बोलून न्हाई राह्यलं." त्यांनी चहा मागवला. "बिलकुल मोकळं केलंत मला."

मला वाटलं, हे वाक्य मीच म्हणायला हवं होतं. कालपासून पहिल्यांदाच चहाला चव लागली.

रविवारी संध्याकाळी त्याच नऊ जणींबरोबर मंदिरामागं गेलो. जागा साडेचार गुंठेच, बोअर नाही, एका बाजूचे पत्रे गेलेले. हे सगळं मी वहिनींना आधीच सांगितलं. चालायला चार मिनिटं लागली आणि वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही.

एक जण कुकर लावून आली होती. तिनं आत डोकावून पाहिलं, भिंतीजवळ उभं राहून एक आलाप घेतला, आवाज घुमला तशी खुदकन हसली. "झ्याक हाय. येते मी, डाळ करपंल," म्हणत ती पदर खोचून घराकडं वळलीसुद्धा.