पहिल्या ओळीपासून

बेसा भागातल्या आमच्या इमारतीत माझ्या बाल्कनीला लागूनच शेजारच्या पोरीची बाल्कनी आहे. ही दहावीतली पोरगी दिवाळीपासून रोज सकाळी येरझाऱ्या घालत इतिहासाचा पहिला धडा मोठ्याने पाठ करते. एक शब्द अडखळला की कपाळावर हात मारून घेते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. तो धडा आता मलाही पाठ झालाय. दुसरा मी कधी ऐकलाच नाही.

“अवं, पुढचे धडे काहून नाही घेत?” मी एकदा विचारलं.

“मागचं कच्चं ठेवून पुढं जायची मले भीती वाटते, काकू.”

आज इतिहासाचा पेपर. लिफ्टपाशी भेटली, तेव्हा मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

“काकू, आज एकदाही नाही अडखळली मी. पूर्ण धडा झाला!”

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि लिफ्टचं बटण दाबलं.