बाप्तिस्म्याचा दाखला

लग्न ठरलं तेव्हा मी सोलापुरात सिस्टरांच्या शाळेत चौथीला शिकवत होते, आणि काळजीनं अर्धी झाले होते. आगमनकाळ तोंडावर आला होता. नाताळच्या आधीच्या त्या आठवड्यांत आमच्यात लग्नं लागत नाहीत. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत आमची नावं वाचून कुणाची हरकत आहे का ते विचारायचं, आणि त्यासाठी माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा. मुलगा पुण्याचा. नाताळनंतर त्याची बदली नागपूरला. आत्ता हुकलं असतं तर त्याच्या आईला आयतं निमित्त मिळालं असतं. तिला मी तशीही पसंत नव्हतेच.

दाखला म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मी धरून चालले होते, कारण बाबाच धर्मशिक्षक. बिशप पुण्यात, इथे फादर मोजके आणि तेही परदेशी. त्यामुळे मोहोळ-मोडनिंबच्या वस्त्यांवर सायकलनं जाऊन शिकवणं आणि चर्चच्या वह्या लिहिणं, दोन्ही कामं बाबांचीच. वह्यांचे रकाने लॅटिनमध्ये, आतलं अक्षर बाबांचं. शेकडो पोरांची नावं त्यांनी लिहिली. माझं विचारलं की म्हणत, "बघतो." चार दिवस ते बघतच होते. शुक्रवारी माझं डोकं फिरलं, आणि आईबाबांना घेऊन मी थेट नव्या फादरांच्या कचेरीत गेले.

माझ्या वर्षाची पानं फादरांनी दोनदा चाळली. नाव नव्हतं. मला बसवेना. मी खिडकीपाशी जायची, परत यायची. शिंप्याच्या अंगावर फाटकी बंडी म्हणतात, तसं आमचं झालं, असं मी बाबांना सुनावलंही.  तेव्हा ते हळूच म्हणाले, "फादर, दफनाची वही काढा."

त्या वहीत मी होते. नाव, आईबापांची नावं, वय तीन दिवस. अक्षर बाबांचं.

मग त्यांनी सांगितलं. मी जन्मले तेव्हा ते मोडनिंबला होते. कित्येक वर्षांनी बिशप मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला तिथे येणार होते, मुलं बाबांनी तयार केलेली. एस्टीच्या ड्रायव्हरकडून निरोप आला, की लेकरू काही जगत नाही. बाबा तिथेच थांबले. कार्यक्रम उरकून दोन दिवसांनी सोलापूरला आले, तेव्हा शेजाऱ्यांनी मूठमाती दिली असणार असं धरून त्यांनी माझी नोंद केली. त्यानंतर ते घरी गेले, तर मी दूध पीत होते. चर्चच्या वहीत खाडाखोड चालत नाही. बाप्तिस्मा नोंदवायचा तर ही चूक मोठ्या फादरांना सांगावी लागणार. आज सांगू, उद्या सांगू करत बावीस वर्षं गेली.

मला संताप आला, आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली. फादरांनी मात्र तोडगा काढला. मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, एक साक्षीदार पुरतो. तेव्हा बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी कुणी घातलं, त्यांनी विचारलं. मी घातलं, आई म्हणाली, आणि तेव्हा म्हटलेले शब्द तिनं न अडखळता म्हणून दाखवले. फादरांनी तिची साक्ष लिहिली, तिचा अंगठा घेतला, दाखल्यावर शिक्का मारला. रविवारी माझं नाव वाचलं जाणार होतं. माझा जीव भांड्यात पडला.

आई उठली नाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती दफनाच्या उघड्या वहीकडे बघत होती.

"म्हंजे त्या दिवशी एस्टीतनं उतरून तुमी आधी हितं आलात व्हय?"

"व्हय," बाबा म्हणाले. "घरी यायचा धीर झाला न्हाय."

"धीर मला तरी कुटं होता?" आई म्हणाली. "पर मी तितंच हुते."