मित्रवाडीची शेवटची बैठक

आमच्या गावाच्या उगवतीला, माळ ओलांडला की मित्रवाडी लागायची. मोठ्या दुष्काळात अनाथ झालेली पोरं गोळा करून एका गोऱ्या साहेबाने आणि त्याच्या मडमेने ती वसवली. दोघं क्वेकर पंथाचे. त्या पंथातली माणसं एकमेकांना मित्र म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांनी विहीर खणली, कडुनिंब लावले आणि मधोमध एक खोली बांधली. खोलीत मूर्ती नाही, क्रूस नाही, घंटा नाही. रविवारी सगळे चटयांवर गप्प बसत. आतून शब्द आला तर उठून बोलायचं, नाही आला तर तसंच घरी जायचं. वाडीचे निर्णयही असेच होत. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत बसायचं. तिथे गप्प राहणं म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

बनुबाई त्या पोरांतलीच एक. खोली झाडायची, चटया अंथरायची. नवरा सहादेव तिने तिथल्याच कडुनिंबाखाली पुरला होता. थडग्यावर दगड ठेवायची त्यांची रीत नव्हती.

आमच्या गावची छबूबाई तिला बाजारात चिडवायची, "काय गं बने, तुमचा देव मुका का तुमी मुक्या?"

"देव बोलतो, म्हनून आमी गप," बनुबाई हसायची.

साहेब, मडम मातीआड झाले. मग लढाई पेटली, आणि बेचाळीस साली सरकारला तोफांच्या सरावासाठी तो माळ हवा झाला. नगरहून एक अधिकारी मोटारीने आला. वाडीतल्या म्हाताऱ्या सूर्यभानबाबाने त्याला खोलीत नेलं.

"बसा, साहेब. आमी बसून ठरवतो."

अधिकाऱ्याने उभ्यानेच सांगितलं, "जागा सोडावी लागेल. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

सगळे डोळे मिटून बसले. बनुबाईच्या छातीत 'न्हाई' धडका देत होता. पण मडमेने शिकवलं होतं, भीतीचा शब्द बोलू नये, आतल्या उजेडाचाच बोलावा. हा शब्द त्यातला कुठला, ते तिला उमगेना. तिने थोडी वाट पाहिली.

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "समजूतदार माणसं आहेत," तो कारकुनाला म्हणाला. "हरकत नाही, असं लिहा."

मोटार सुरू झाली, तेव्हा बनुबाई उठली. "न्हाई. आमी जानार न्हाई."

"माजंबी त्येच," सूर्यभानबाबा म्हणाला. एकेक करून सगळ्यांनी माना हलवल्या. मन एक झालं होतं. रस्त्यावर नुसती धूळ होती.

बाबा नगरला खेटे घालून आला. उत्तर एकच मिळालं: विचारलं होतं, तेव्हा तुम्ही कबूल झालात.

वाडी पांगली. काही मनमाडकडे गेले, काही कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. बाबा त्या हिवाळ्यात वारला. त्याला परक्या मसणवट्यात जागा मिळाली. खोलीवर सरावाच्या पहिल्याच दिवशी गोळा पडला, कडुनिंब जळाले. सहादेव कुठे आहे, हे सांगणारं आता काहीच उरलं नाही.

बनुबाईला छबूबाईने आपल्या गोठ्याशेजारी जागा दिली. आता बनुबाई दिवसभर बोलायची. बैलांशी, चुलीशी, भिंतीशी. "न्हाई साहेब. आमची मानसं हायेत तितं. न्हाई."

रविवारी तोफा बंद असत. माळावरून जुन्यासारखी शांतता यायची, आणि त्या दिवशी तिचा आवाज सगळ्यात चढायचा.

"अगं बने, आज तरी गप बस की," छबूबाई रडकुंडीला येऊन म्हणायची.

"बसले हुते गं," बनुबाई म्हणायची, आणि पुन्हा भिंतीकडे वळायची.