हरभऱ्याची आंब

आमच्या पेडगावकडच्या शिवारात पौषात हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट दव धरतं. त्याला आंब म्हणतात. माय सांजच्याला जुन्या धोतराचं धुवट फडकं हरभऱ्यावर पसरायची आणि पहाटे ते पिळून वाटीभर आंब घरी आणायची. शेत दुसऱ्याचं असलं तरी दवाला कोण अडवतो? असं करत महिनाभरात दवाखान्याची एक तपकिरी बाटली भरायची. मग वर्षभर चिंच-लिंबाची गरज नाही. शिवाय कुणाचं पोट दुखलं की सगळी गल्ली चमचाभर आंब मागायला मायकडंच यायची. मायला त्याचा मोठा तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

निजामाचं राज्य गेलं आणि शाळेत उर्दू जाऊन मराठी आली त्या सुमाराची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांची, पक्की चटोर. माघातल्या एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून मी बाटली चाटायला काढली, ती हातातून निसटली आणि बुडाला तडकली. आंब गळायला लागली. हाताशी कल्हई उडालेला पितळी तांब्या होता, त्यात मी ती ओतली. आंबट पितळेत कळकतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतंच. पण मायचा मार डोळ्यांपुढं असताना पितळ कुणाला दिसतं?

तांब्या मी कणगीमागं दडवला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीला ओंजळभर बोरं देऊन तसलीच बाटली मिळवली, आंब तिच्यात ओतली. तांब्या आतून हिरवागार झाला होता. मी दचकले. तेवढ्यात मायची चाहूल लागली म्हणून तो तसाच पुन्हा मागं ढकलला.

त्याच आठवड्यात वडिलांच्या पोटात कळ आली. मायनं पाण्यात मीठ आणि आंब घालून दिली. ते एका दमात प्याले आणि भांडं खाली ठेवायच्या आत भडाभडा ओकले. डोळे पांढरे झाले, अंग घामानं भिजलं, भिंतीला टेकून ते कलंडले. मी चौकट धरून उभी होते. मी बापाला मारलं, एवढंच मला कळत होतं. तोंड मात्र उघडेना.

गल्ली गोळा झाली. बाजूला बसायच्या दिवसांत हिनं आंब पिळली असणार, असं शेजारची म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी माझी माय खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं."

वडिलांच्या ओकण्यापेक्षा मला त्याचाच जास्त धक्का बसला.

तीन दिवसांनी वडील उठून बसले. मायनं बाटली उकिरड्यावर रिकामी केली. त्यानंतर आमच्या दारी आंब मागायला कुणी आलं नाही. पुढच्या पौषात मायनं फडकंही पसरलं नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी आम्ही दोघी वाळवायला हरभऱ्याची भाजी निवडत होतो. मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगून टाकलं. मायचे हात थांबले नाहीत.

"मंग त्यो तांब्या घासला कुणी म्हणतीस?" ती म्हणाली.

मी गार पडले. मी तर तो हिरवाच सोडला होता. वडील उठून बसले त्या दिवशी तो रांजणावर लख्ख होऊन बसला होता, आणि त्यानंतर इतकी वर्षं मी त्यानंच पाणी पीत होते.