पांढऱ्या वर्दीवरची हळद

नोकरीतल्या बहुतेक केसेस मला माणसांच्या चेहऱ्यांनी आठवतात. ही एकच रंगांनी आठवते.

सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. मी कलकत्त्यात सियालदहजवळच्या एका ठाण्यात दुय्यम अधिकारी होतो. तिकडे ठाण्याच्या प्रमुखाला बडोबाबू म्हणतात आणि दुय्यमाला मेजोबाबू. वडील रेल्वेत असल्यामुळे माझा जन्मच कलकत्त्याचा. गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये मराठी आणि उंबऱ्याबाहेर बंगाली, असे आमचे जगणे.

त्या वर्षांत भिंती घोषणांनी भरलेल्या असत आणि गल्लीबोळांत अ‍ॅसिड वापरून घरी केलेले बॉम्ब फुटत. 'अ‍ॅसिड' हा शब्द कानावर पडला की आम्ही आधी गाडी काढायचो, विचार नंतर.

हिवाळ्यातल्या एका दुपारी एक घरमालक ठाण्यात आला. आवाज खाली आणून म्हणाला, "गच्चीवरच्या खोलीतला मास्तर अ‍ॅसिड बनवतो, मेजोबाबू. दुपारच्या पोरी येतात-जातात. काली मंदिरातली शिळी जास्वंद पिशव्या भरून आणतो. देवीच्या फुलांचं याला काय काम?"

तासाभरात आम्ही गच्चीवर होतो. दार ढकलले आणि मी क्षणभर कामच विसरलो. खिडकीत औषधांच्या जुन्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. गुलाबी, जांभळी, निळसर, हिरवी. उन्हाने त्यांचे रंग जमिनीवर सांडले होते आणि गच्चीवरच्या वाऱ्याने दोरीवरची पिवळ्या कागदांची रांग हलत होती. खोली कुणाच्या तरी स्वप्नात असावी तशी वाटत होती.

मग नोकरी आठवली. पिवळ्या कागदांवर तांबडे डाग होते. टेबलावर एक वही होती. तिच्यात चार-पाच निरनिराळ्या हातांनी लिहिले होते: चिंच ३, ताक ४, चहा ५, साबण १०, चुना १२. वर मथळा, 'अ‍ॅसिड किती?'

मी जप्तीची यादी केली आणि तिच्यात लिहिले, 'रक्ताचे डाग असलेले पिवळे कागद.' दोन पंचांनी सह्या केल्या.

निघताना खिडकीतल्या काही बाटल्या फुटल्या आणि हवालदाराचा धक्का लागून तांबड्या पाण्याचे एक भांडे मोरीत कलंडले. मोरीत कपड्यांचे साबणाचे पाणी साचले होते. ते लाल पाणी त्यात मिसळले आणि हिरवे होऊन वाहत गेले. मी हे या डोळ्यांनी पाहिले. आणि उन्हाचा खेळ म्हणून सोडून दिले.

मास्तर पंचविशीचा, किडकिडीत होता. त्याची शाळा संप-हरताळांमुळे महिनोन्‌महिने बंद, तिथली प्रयोगशाळा कुलपात. ठाण्यात आणून मी त्याला खुर्ची दिली.

"हे रक्त कुणाचं?"

"हळद आहे."

"हळद पिवळी असते, मास्तर."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्याच्या वर्गातला ढ विद्यार्थी.

"आणि हे आकडे? गल्ल्यांचे नंबर?"

"कोणता पदार्थ किती आंबट, त्याचे. सातच्या खाली आंबट, सातच्या वर साबणाच्या जातीचं. जास्वंदीच्या पाण्याचा रंग बदलतो, त्यावरून ठरवतो."

"अक्षर कुणाकुणाचं आहे?"

इथे तो गप्प झाला. पुष्कळ विचारले. शेवटी एवढेच म्हणाला, "त्या मुली शिवण शिकायला जातो म्हणून घरी सांगून येतात. मी नाव सांगितलं की तुम्ही दारात जाणार. पोलीस दारात आले की उद्या त्यांचं शिकणं बंद. मला ठेवा."

जो माणूस अक्षर कुणाचे ते सांगत नाही, त्याचे बाकीचेही खोटे, असा आमचा साधा हिशेब. बडोबाबूंनी ठरवले की दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कागद मुख्यालयात जातील. डाग तपासून यायला महिने लागले असते, आणि तेवढे महिने मास्तर आत. तेव्हा आत गेलेले सगळेच धड बाहेर येत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत जेवताना वरणाची वाटी माझ्या बाहीवर लवंडली. कलकत्ता पोलिसांची वर्दी पांढरी.

"काय हे! लहान का आहेस?" म्हणत आईने ओल्या साबणाची वडी बाहीवर घासली. पिवळा डाग बघता बघता तांबडा झाला.

मी हात तसाच धरून बसलो.

"असा काय बघतोस? हळदीला साबण लागला की लालच होते. कुंकू कशाचं करतात मग? तुझी आजी हळदीत खार घालून घरीच करायची."

"आणि घालवायचा कसा?"

"लिंबू चोळ, पुन्हा पिवळा होईल. मग उन्हात जाईल. पण थांब, दुसरा शर्ट..."

मी थांबलो नाही. एस्प्लनेडला बस बदलताना लोक माझ्या बाहीकडे बघून अंग चोरून घेत होते.

ठाण्यात बडोबाबू दचकले. "कुणाला मारून आलास?"

"वरणाला, सर." मी चहावाल्याकडून आणलेले लिंबू कापून बाहीवर पिळले. तांबडे पिवळे झाले. बडोबाबूंचे पान चघळणे थांबले.

पंचांना परत बोलावले, मास्तरला कोठडीतून आणले. बडोबाबूंच्या परवानगीने जप्तीतला एकच कागद बाहेर काढला. मास्तरने त्यावर लिंबाचा थेंब टाकला. डाग पिवळा झाला. मग बडोबाबूंच्या पानाच्या डब्यातला चुना मी बोटावर घेऊन लावला, पुन्हा तांबडा.

"रक्त लिंबाने पिवळं होतं का, बडोबाबू?" मास्तरने विचारले. आवाजात राग नव्हता, वर्गात विचारावे तसे विचारले.

बडोबाबू डब्याकडे बघत राहिले. "हे मी रोज खातो?"

यादी माझ्यासमोर होती. "खाडाखोड केलीस तर वरून विचारतील," बडोबाबू हळूच म्हणाले. मी म्हणालो, "विचारू देत. खाली माझी सही आहे." 'रक्ताचे' हा शब्द मी पंचांसमोर खोडला, वर 'लाल' लिहिले आणि पुन्हा सही केली. वरून विचारणा झाली, माझी बढती दोन वर्षे अडली. मास्तर त्याच दिवशी घरी गेला.

पुढे तीस वर्षे मी प्रत्येक नव्या शिपायाला एकच गोष्ट सांगत आलो. जे दिसले ते लिहा, जे वाटले ते लिहू नका. मी 'लाल' पाहिले आणि 'रक्त' लिहिले. सरकारी कागदावरच्या त्या एका शब्दाने एक माणूस नाहीसा होऊ शकला असता. तो शब्द कुणा दुष्टाने लिहिला नव्हता. आयुष्यभर हळद खाल्लेल्या, घाईत असलेल्या एका प्रामाणिक माणसाने लिहिला होता. सत्तेचे पुष्कळ अन्याय असेच होतात, सुवाच्य अक्षरात.

त्या दिवशी मास्तर निघताना वही परत देऊन मी म्हणालो, "बाटल्या फोडल्या आम्ही. भरून देतो."

"बाटल्या नकोत," तो म्हणाला. "आजचं तपासलेलं तेवढं लिहा. ज्यानं तपासलं त्यानंच लिहायचं, असा आमच्या वर्गाचा नियम आहे."

मी लिहिले: 'बडोबाबूंचा चुना, लाल.'

ती वही कुठे असेल कोण जाणे. उद्या कुणी पोलिसाने ती उघडून हे शेवटचे अक्षर कुणाचे म्हणून विचारले, तर मास्तर नक्की गप्प बसेल.